पेणच्या बाई आणि माझे कान

माझी भाची हल्ली मोबाईलच्या पडद्यावर समुपदेशन करते. परवा ती मला तिच्या कामाचे नियम सांगत होती. समोरचा माणूस कुठे बसलाय ते आधी विचारायचं. त्याच्या खोलीत आणखी कोण आहे ते विचारायचं. मध्येच लाईन गेली तर दोघांनी काय करायचं ते सुरुवातीलाच ठरवून घ्यायचं. जिवावरचा प्रसंग आला तर कोणाला कळवायचं ते नाव त्याच्याकडूनच मागून घ्यायचं. तिला वाटलं, आत्याला हे सगळं नवीन असणार. मी म्हटलं, "बये, तू पाटी-पेन्सिल धरायच्या आधी मी हे अष्टमीला बूथवर बसून पाठ केलंय." तिचा विश्वास बसेना, म्हणून लिहायला घेतलं. यात माझी फजिती आहे. पण ती वगळली तर सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत, रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीत आलं की जवळच माझा एसटीडी बूथ होता. लहानपणी पोलिओने एक पाय गेला, त्या अधूपणाच्या दाखल्यावर तो मिळाला. भावाच्या घराची पुढची पडवी, तिच्यात प्लायवूडची केबिन, वर अर्धी काच, आत फोन. बाहेर माझं टेबल, मीटर आणि माझी खुर्ची. खुर्ची केबिनला अगदी चिकटून, कारण कुबडी घेऊन सारखी उठबस मला जमत नसे. आत कोणी उसासा टाकला तरी मला ऐकू यायचा. खरं सांगते, मला त्याची गोडी लागली होती. लग्न झालेलं नाही, फार हिंडता येत नाही, पण गावची सगळी खबर माझ्या दारात चालत यायची. कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाचा जावई रुसला, हे त्यांच्या घरच्यांआधी मला कळायचं. तुझ्या पोटात काही राहत नाही, असं वहिनी म्हणायची. मी ते हसण्यावारी न्यायची.

एका दुपारी बूथवरच फोन आला. बाईचा आवाज, शांत, जरासा घोगरा.

"मी पेणहून बोलते, रामवाडीतून. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मी फोनजवळ बसते. मनावर ओझं असलेली माणसं माझ्याशी बोलतात. रोह्याच्या एका दवाखान्यात आमची चिठ्ठी लावली आहे, तेव्हा तुमच्या बूथवरूनही फोन येतील. म्हणून आधी तुमच्याशी बोलावं म्हटलं."

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. केबिनचं दार पूर्ण लागतं का? आत पंखा आहे का? नाही? मग लोक दार उघडं ठेवून बोलत असतील. बाहेर बाकावर किती जण खोळंबलेले असतात? तुम्ही कुठे बसता?

माझा पारा चढला. "बाई, तुम्हाला फोनवर बोलायचंय का माझ्या बूथला मागणी घालायचीय?"

त्या मोकळेपणाने हसल्या. "मागणीच समजा. मुलगी पसंत आहे, फक्त दार लागायला हवं."

माझा राग तिथेच निवळला. मग त्या गंभीरपणे म्हणाल्या, "तुमच्या मीटरवर पेणचा नंबर उमटणार. माझ्याशी कोण बोलतं ते तुम्हाला कळणारच, ते मला टाळता येत नाही. म्हणून विनंती करते. तो फोन चालू असेल तेव्हा जरा लांब बसा. आणि कोण आलं होतं ते कुणाला सांगू नका. कुणाच्या भल्यासाठीसुद्धा नाही."

"व्हय बाई, नाय सांगत," मी म्हटलं. शेजारीण 'ये गो कधीतरी घरी' म्हणते आणि आपण 'येते हां' म्हणतो, तसं म्हटलं. भावाने केबिनमध्ये छोटा पंखा बसवला, दाराची कडी नीट केली. तेवढ्यावर मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. खुर्ची होती तिथेच राहिली.

फोन येऊ लागले, म्हणजे लोक येऊ लागले. बायका जास्त. मला बोलणं अर्धंच ऐकू यायचं, आतल्या माणसाचं. पण उत्तरांवरून प्रश्न ओळखायला मी लवकरच शिकले. पहिली तीन-चार वाक्यं सगळ्यांची सारखी असत. "अष्टमीच्या बूथवरून." "नाय, एकटीच हाय." "लाईन तुटली तर धा मिनटं थांबते, परत लावते." म्हणजे पेणच्या बाई स्वतः उलटा फोन करत नसत. आमच्याकडे फोन असायचा शेजाऱ्याच्या घरी; शेजारी आधी विचारणार कोण, मग विचारणार कशाला, आणि संध्याकाळपर्यंत आळीला ठाऊक. पेणला बसून त्यांना हे बरोबर समजलं होतं. मला याचं नवल वाटायचं. चेहरा दिसत नाही, माणूस कुठल्या घरातलं ते माहीत नाही, नावसुद्धा सांगायची सक्ती नाही. आणि तरी पडक्या चेहऱ्याने आत गेलेली बाई बाहेर येताना पदर सारखा करून सरळ चालत जायची. असं काय सांगत असतील पेणच्या बाई, हे ऐकण्यासाठी मी कान लावायची आणि ऐकू यायचं ते एवढंच की आतलं माणूस बोलतंय, बोलतंय, बोलतंय. त्या सांगत काही नसाव्यातच.

त्या पावसाळ्यानंतर एक पुरुष येऊ लागला. दर गुरुवारी दहाच्या सुमाराला, हातात जेवणाचा डबा. मी त्याला ओळखत होते. कंपनीत ऑपरेटर होता, अष्टमीच्या आतल्या बाजूला राहायचा. त्याची बायको माझ्या गावची, वडखळजवळच्या खाडीकाठची. तिचे आईवडील मिठागरावर, माझेही तिथलेच. ती मला ताई म्हणायची. डबा तो माझ्या टेबलावर ठेवायचा, आत जायचा, कडी लावायचा.

त्याचं दुखणं मी चार गुरुवारांत जोडून घेतलं. त्याच्या खात्यात अपघात झाला होता, शेजारी उभा असलेला सोबती त्याच्या डोळ्यांसमोर गेला. तेव्हापासून कंपनीची बस समोर आली की याचा श्वास अडकायचा. पायरीवर पाय ठेवता यायचा नाही. घरी त्याने सांगितलंच नव्हतं. रोज शिफ्टला म्हणून डबा घेऊन निघायचा, नदीकाठी बसून राहायचा आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला घरी जायचा. कंपनीत आजारपणाची रजा टाकली होती, ती संपत आली होती.

एका गुरुवारी त्याचा आवाज अगदी बारीक झाला. मी कान टवकारले. "पुलावर उभा ऱ्हातो ना, तेव्हा पाणी बोलवतं." मग, "व्हय. तसाच विचार." आणि मग एकेक उत्तर सावकाश येऊ लागलं. "आज नाय." "नाय, ठरवलेलं नाय काय." "भाऊ. रोह्याला वर्कशॉप हाय त्याचा. फोन हाय थय." त्याने नंबर सांगितला. "जिवावर आला तरच. बरं. तुम्ही त्यालाच सांगायचा, दुसऱ्या कोणाला नाय." बाहेर आला तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. डबा उचलताना म्हणाला, "बाय चांगली हाय." मला इतका आनंद झाला, जणू मीच काही केलं होतं.

आणि त्या आनंदातच मी माती खाल्ली.

दोन दिवसांनी त्याची बायको आली माहेरी फोन लावायला. फोन लागला नाही आणि ती बाकावर बसून रडायलाच लागली. "ताय, यांचा काय तरी बाहेर हाय. शिफ्टला म्हणून जातात नि कोणतरी यांना हिकडे फिरताना बघतंय. डबा तसाच घरी येतो. कोण बाई हाय ती, तुला म्हायत असेल तर सांग गो."

माझ्यासमोर माझ्या गावची मुलगी रडत होती, आणि जे ऐकलं की तिचे डोळे पुसले जातील ते मला ठाऊक होतं. मी एक श्वासही थांबले नाही. "तसला काय नाय गो. पेणच्या एक बाई हायत, त्यांच्याशी मनाचा बोलतो तो. कंपनीत झाला त्याचा भ्या बसलाय त्याला. बस बघून दम कोंडतो. बरा होईल. माझा नाव मात्र घेऊ नको." ती डोळे पुसून गेली. मी दिवसभर खुशीत होते. संसार वाचवला म्हणून.

तिने माझं नाव घेतलं नाही. बाकी सगळं घरात सांगितलं, तेही भल्यासाठीच. सासूने भगत बोलावला. अंगारा, उतारा, लिंबं, सगळं अंगणात. चार दिवसांत 'त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय' हे कंपनीच्या बसमध्येही पोचलं. पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही अकरा वाजले, साडेअकरा वाजले, बाकावर त्याची सावली नाही. मी पुलाकडे बघत बसले.

शेवटी मीच पेणला फोन लावला. "बाई, तो आला नाय. दोन गुरुवार झाले."

"कोण?" त्या म्हणाल्या.

"तो ऑपरेटर. डबा घेऊन येतो तो."

"माझ्याशी कोण बोलतं किंवा बोलत नाही, याबद्दल मी काहीच सांगू शकत नाही. हो म्हणूनही नाही, नाही म्हणूनही नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अवो, माणूस जीव देईल नि तुम्ही कायदा काय सांगताय?"

त्यांचा आवाज तसूभर चढला नाही. "तुम्हाला कुणाच्या जिवाची काळजी वाटत असेल तर मला सांगा, मी सगळं ऐकते. मला काय माहीत आहे ते फक्त मी बोलणार नाही. सावकाश सांगा. त्यांना शेवटचं कोणी पाहिलं? केव्हा? घरात सोबत कोण आहे?"

मी सांगत गेले. आणि सांगता सांगता तेही बाहेर पडलं, की मी सगळं ऐकत होते आणि त्याच्या बायकोला मीच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलताना लाज वाटली. वाटलं, आता या मला फाडून खातील. पण त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता फोन ठेवा, मला लाईन हवी आहे."

मी ठेवला. तासाभरात त्याचा भाऊ सायकलवरून पूल ओलांडून भरधाव आतल्या बाजूला गेला. कपडे वर्कशॉपचेच, हात काळे. तेव्हा मला कळलं की लाईन कशाला हवी होती. संध्याकाळी दोघे भाऊ पुलावरून रोह्याकडे चालत जाताना दिसले. भावाने त्याचा दंड धरला होता. मी देवाला हात जोडले आणि बूथ लवकर बंद केला.

शनिवारी सकाळी एक बुटक्या, जाड चष्म्याच्या, साध्या सुती साडीतल्या बाई टेबलासमोर उभ्या राहिल्या. "मागणी घातली होती, आज मुलगी बघायला आले," त्या म्हणाल्या. आवाजावरून ओळखलं. मी मनात उंच, धिप्पाड, सोनेरी काडीचा चष्मा असलेली कोणीतरी धरून चालले होते. या पेणहून वडखळ, नागोठणे करत एसटीचे धक्के खात आल्या होत्या. डोळे ओढलेले, झोप झालेली नसावी.

मी आधीच म्हटलं, "बाई, मला काय बोलायचा ते बोला."

"बोलायला नाही आले, मोजायला आले," त्या म्हणाल्या. "फोनवर तुम्हाला व्हय म्हणायला लावलं आणि तुम्हाला समजलं असं धरून चालले. बूथ न बघता लोकांना इथून फोन करायला सांगितलं. ती चूक माझी."

मग त्यांनी जे केलं ते मी अजून विसरले नाही. वहिनीकडून वर्तमानपत्र मागून घेतलं, केबिनमध्ये गेल्या, कडी लावली आणि रिसीव्हर कानाला धरून हळू आवाजात बातम्या वाचायला लागल्या. बाहेर आल्या आणि विचारलं, "काय ऐकलंत?" मी शब्दन्‌शब्द सांगितला. खुर्ची दोन हात मागे. पुन्हा आत, पुन्हा वाचन. "आता?" निम्मं. खुर्ची पडवीच्या टोकाला. तरीही काही शब्द. शेवटी खुर्ची अंगणात, शेजारच्या सायकल दुकानाच्या पत्र्याखाली गेली, तिथे काही ऐकू येईना. त्यांनी खडूने खुर्चीच्या चार पायांभोवती खुणा केल्या.

"मीटर दिसत नाय हितना," मी कुरकुरले.

"पावती छापून येते ना? मग मीटरकडे बघून काय करता?"

मग आम्ही जागा बदलल्या. मला आत बसवलं आणि म्हणाल्या, "कुणालाही कधी सांगितली नाही अशी एक गोष्ट मनात आणा. सांगू नका. फक्त मनात आणा आणि बाहेर बघा." काचेतून मला बाकावर बसलेली दोन गिऱ्हाइकं दिसली, माझ्याकडेच बघणारी. मी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही. काचेला आतून खाकी कागद लावून टाकला आणि बाक उलट्या तोंडाने फिरवला. वहिनीने चहा आणला, तो प्यायल्या, चहाचं कौतुक केलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही केलंत ते त्याला सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी त्यात पडणार नाही." पुलाच्या दिशेने त्यांची बुटकी आकृती गेली. डोक्यावर पदर, काखेत पिशवी. या बाईसारखं एखादं काम आपल्याला जन्मात करता यावं, असं मला त्या दिवशी वाटलं.

गुरुवारी तो आला. बारीक झाला होता. डबा नव्हता. बाकावर न बसता टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, "पेणला लावा. दोनच मिनटं. दुसऱ्या कोणा डॉक्टरचा नंबर देते म्हणालीय, तेवढा घ्यायचाय. तिच्याशी नाय बोलायचा मला."

"का?" माझ्या तोंडून गेलं.

"फसवी हाय ती. भावाचा नाव दिला होता मी, जिवावर आला तरच सांगीन म्हणाली. हिनं आधीच सगळा फोडला. भावाला सांगितला असणार, त्यानं घरात. दारात भगत नाचला माझ्या. आणि त्या गुरुवारी तर भाऊच म्हणाला, पेणना फोन आला म्हणून. म्हणजे माझा बरोबर. शुक्रवारीपण फोनजवळ थांबते म्हणून सांगितलेला तिनं भावाला, तेव्हा वर्कशॉपमधना लावला नि तोंडाला येईल ते बोललो तिला. आईवरना शिव्या दिल्या."

"त्या काय म्हणाल्या?"

"आधी मी सांगितलेला नाय, म्हणाली. मग कोणी सांगितला, म्हटला. तर म्हणते, ते मला सांगता येणार नाय. चोर तो चोर." तो थुंकला. "कोणावर इश्वास ठेवायचा नाय आता. कोणावरच नाय."

ते शेवटचं त्याने ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मी एकदा केबिनच्या भिंतीतून ऐकला होता. पुलावरच्या पाण्याबद्दल बोलताना. मी टेबलाला धरून उभी राहिले, कारण बसून सांगायची ती गोष्ट नव्हती.

"दादा, तुझ्या बायकोला मी सांगितला. त्यांनी नाय. मी भिंतीला कान लावून सगळा ऐकत होते."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, हात उगारेल. त्याने माझ्या टेबलावर दोन्ही पंजे टेकले आणि मान खाली घातली. खांदे हलत होते. मग मान वर न करताच म्हणाला, "लावा पेणला." मी केबिनमध्ये जाऊन नंबर फिरवला, रिंग वाजली तसा रिसीव्हर त्याच्या हातात दिला आणि कुबडी घेऊन अंगणात पत्र्याखालच्या खुर्चीवर जाऊन बसले. तो तासभर आत होता. काय बोलला, मला माहीत नाही. पुढे कधीतरी थंडी संपताना मी त्याला कंपनीच्या बसच्या पायरीवर पाहिलं. एका हाताने दांडा गच्च धरलेला, डोळे मिटलेले. चढला मात्र. आता त्याचे केस पिकलेत.

त्याच दुपारी, तो गेल्यावर, मी पेणला फोन केला. एकच गोष्ट माझ्या डोक्यात घुमत होती. शुक्रवारी त्याने शिव्या घातल्या. शनिवारी या बाई माझ्या पडवीत उभ्या राहून वर्तमानपत्र वाचत होत्या, चहा छान झालाय म्हणत होत्या.

"बाई," मी म्हटलं, "त्याला माझा नाव का नाय सांगितलात? तुमचा काय बिघडला असता? नि शनिवारी मला तरी सांगायचात की तो तुम्हालाच चोर समजतो."

"ते त्याचं बोलणं होतं, तुम्हाला कसं सांगणार?" त्या म्हणाल्या. "आणि गुरुवारी तुम्ही मला जे सांगितलंत ते विश्वासानेच सांगितलं होतंत ना? तुमचंही मी कुणाला सांगत नाही."

केबिनच्या दारात गिऱ्हाईक उभं होतं. तरी मी रडले.